गणिताचे वीस गुण सावित्रीच्या खोऱ्यात मिळू द्या

प्रति,
शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, रायगड;
गटशिक्षणाधिकारी, महाड आणि पोलादपूर

दहावीच्या गणितात लेखी परीक्षेचे ८० गुण मंडळाच्या हाती असतात, अंतर्गत मूल्यमापनाचे २० शाळेच्या. बऱ्याच ठिकाणी हे २० गुण फळ्यावरची उत्तरे वहीत नीट उतरवली की मिळतात. ते मुलांनी स्वतः मोजून, आलेख काढून आणि आपले उत्तर वर्गासमोर पटवून मिळवावेत, अशी माझी मागणी आहे.

त्यासाठी महाड-पोलादपूरसारखी जागा शोधून सापडणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. पाऊस, उतार आणि भरती ही इथल्या मुलांसाठी जिवाशी निगडित गणिते आहेत.

सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली, नरसाळे आणि पट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक होतो. नरसाळ्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट असेल, तर पाणी चौपट उंच चढते. का, हे मुलांना शोधू द्या. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते हे मग घोकावे लागत नाही. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर असेल, तर १०० मिलिमीटर पावसात त्यावर २०,००० लिटर पाणी पडते. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या पावसाला हवामान खाते सर्वांत वरच्या वर्गात का घालते, हे अशा हिशेबानंतर उमगते. चार महिन्यांच्या रोजच्या नोंदींतून मध्य, मध्यक आणि आयतालेख आपोआप उभे राहतात.

सावित्री नदीला पूर असताना बाणकोटच्या खाडीत भरती असेल, तर महाडचे पाणी लवकर ओसरत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकणारी ही वेळ म्हणजे अंकगणिती श्रेढीच. मुलांनी आडाखा आणि छापील भरती-ओहोटीचे तक्ते शेजारी मांडून फरक किती पडतो ते पाहावे.

कोनमापक, स्ट्रॉ, दोरा आणि एक वॉशर यांतून उन्नतकोन मोजता येतो. आधी शाळेचा ध्वजस्तंभ मोजावा. मग पाचाडहून रायगडाचा कडा. कड्याच्या पायथ्याशी पोहोचता येत नाही, म्हणून दोन ठिकाणांहून दोन कोन घ्यावे लागतात आणि त्रिकोणमितीला दोन समीकरणांची गरज का पडते ते कळते.

मुसळधार पावसात एसटी आली नाही आणि निम्मा वर्गच हजर असला, तर एकेकाळी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचे कोडे घ्यावे. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करत राहायचे; उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावायचे. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येते. प्रत्येकाने वेगळी संख्या घेतली की सगळा वर्ग एकमेकांचे हिशेब तपासू लागतो.

अभ्यासक्रम संपवण्याचा आणि शाळाबाह्य कामांचा ताण शिक्षकांवर आहे, हे खरे. म्हणूनच हे काम जादा नको, चालू तासिकांतच हवे. आपण जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी परिपत्रक काढावे. आठवड्याला गणिताची एक तासिका उपक्रमाला द्यावी, आणि मंडळाच्या चौकटीत बसेल तेवढे अंतर्गत गुण त्यालाच द्यावेत. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पर्जन्यमापक असावा. सगळी मोजणी आवारात किंवा उघडिपीत व्हावी. नदीकाठी आणि दरडीखाली मुलांना कोणी नेऊ नये. दोन्ही तालुक्यांतल्या गणितशिक्षकांनी वर्षातून दोनदा एकत्र बसून नोंदी ताडून पाहाव्यात, आणि त्या दिवसांची कर्तव्यरजा त्यांना मिळावी.

यात मोठा खर्च नाही, नवे पुस्तक नाही. लागते ती फक्त आपली परवानगी आणि शिक्षकांवरचा विश्वास. दोन्ही आपल्या हातात आहेत.

आपला,
महाड तालुक्यातील एक गणितशिक्षक