जामीन मिळाला, मुलगा घरी आला नाही

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाला जामीन मिळाला, मिठाईही वाटली गेली. मुलगा घरी आला सव्वा महिन्याने. आदेशात स्थानिक जामीनदार मागितला होता आणि त्याला ऐपतीचा दाखला हवा होता. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अम्मीने असा माणूस कुठून आणायचा?

मी सॉफ्टवेअरवाला. सिस्टीम तुंबली की आम्ही आधी बघतो, आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय. तुरुंगाचंही तसंच. दर लाख लोकांमागे भारतात चाळीसच्या आसपास माणसं कैदेत आहेत, अमेरिकेत पाचशेच्या वर. तरी आपले तुरुंग तुंबलेले. २०२२ अखेर ४,३६,२६६ जागांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे खटला न संपलेले. शिक्षा झालेले सगळे उद्या सोडले तरी तुरुंग जवळजवळ भरलेलाच! २०१४ मध्ये कच्च्या कैद्यांचं प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२२ अखेर ते ७६ वर गेलं होतं.

२०११ च्या जनगणनेत आपण १४.२ टक्के, कच्च्या कैद्यांत पाचव्या हिश्श्याच्या जवळपास. यात पूर्वग्रह आहे असं मीही मानतो. पण आपला सगळा राग आत जायच्या दारावरच खर्च होतो, बाहेर यायच्या दाराशी कुणी उभं राहत नाही.

तिथे कायदा आपल्या बाजूने बराच बोलतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय: जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेल करा. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायला सांगतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत, एकाहून जास्त केसेस असल्या तरी अडतं.

सात दिवसांची गोष्ट त्या अम्मीला कुणी सांगितली नव्हती. मलाही ती नंतर कळली.

वकिलाच्या फीसाठी मात्र जकातीतून पैसे पटकन जमले होते. सही म्हटल्यावर सगळे गप्प. माझ्या नावावर फ्लॅट आहे. मला विचारलं तेव्हा मी "बघतो" म्हणालो, आणि बघितलं नाही. शेवटी सही केली एसटीतून निवृत्त झालेल्या एका चाचांनी. मुलाला ते फक्त तोंडओळखीने ओळखत होते.