'ध'चा 'मा' आणि वडगावचा आरोपी

वर्गात एकाचे बोलणे दुसऱ्याने फिरवले की कोणीतरी हमखास म्हणते, "अगदी 'ध'चा 'मा' केलास!" आपण हसतो. त्या थट्टेत एका स्त्रीवरचा खुनाचा आरोप दडलेला आहे, हे ध्यानात येत नाही. मलाही आले नव्हते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून चुलते रघुनाथराव यांना दोषी ठरवले. पण लोकांच्या तोंडी राहिली ती चिठ्ठी. 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईंनी 'मारावे' केले! ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासातही ही हकीकत आहे. म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. चिठ्ठी असलीच तर मोडीत असणार. आपण मात्र फळ्यावर देवनागरी 'ध' काढून त्याचा 'मा' करून दाखवतो आणि त्याला पुरावा समजतो. बरे, 'धरावे' हेच खरे मानले, तरी गादीवरच्या पुतण्याला धरायला गारदी घालणारा काका निर्दोष कसा? मी आनंदीबाईंची वकिली करत नाही. पण या एका अक्षराने राघोबांचे ओझे फार हलके केले, असे माझे मत आहे.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये १९०१ साली गुरेवाले आणि मेंढ्यावाले यांच्या वैराच्या दिवसांत विली निकेल हा १४ वर्षांचा मुलगा गोळी घालून मारला गेला. त्यासाठी टॉम हॉर्नला १९०३ साली फाशी झाली. मुख्य पुरावा काय, तर त्याच्या तोंडची बढाई, शेजारच्या खोलीत लपलेल्या लघुलेखकाने टिपलेली. तो वाद आजही मिटलेला नाही. पण तिथे निदान खटला तरी उभा राहिला.

आणि आपल्याकडे? आरोपी आपल्याच मावळात हाती आला होता. जानेवारी १७७९ मध्ये राघोबांना पुण्याला पोचवण्यासाठी इंग्रज फौज बोरघाट चढून खंडाळा, कार्ले करीत तळेगावपर्यंत आली. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला इष्टुर फाकडा. माघारी फिरलेली फौज वडगावला कोंडली गेली, १६ जानेवारीला तह झाला आणि राघोबा महादजी शिंद्यांच्या ताब्यात आले. पुढे काय? जहागीर ठरवून त्यांची झाशीकडे रवानगी झाली. वाटेत नर्मदेपाशी ते निसटले आणि गुजरातेत पुन्हा इंग्रजांना मिळाले. खुनाचा जाब राहिलाच. समोर इंग्रजांसारखा शत्रू असताना घरचा तंटा वाढवणे परवडणारे नव्हते, हे मला कळते. पण मग सारा दोष एका बाईच्या लेखणीवर का?

यंदा आमच्या वर्गाची सहल वडगावला गेली होती. स्मारकापाशी इष्टुर फाकड्याची गोष्ट तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. मी राघोबांचे नाव काढले, तर एक मित्र म्हणाला, "ते जाऊ दे गं, लोकल चुकेल."