पठारावर खड्डे नकोत

मोह आणि चिकू ज्या कुळातले, त्याच कुळातली पिक्नॅन्ड्रा ही प्रजाती जगात फक्त न्यू कॅलेडोनियात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर सापडते. तिथल्या बऱ्याच जमिनीत निकेल, क्रोमियम, कोबाल्ट इतके आहे की बाहेरून आणलेले रोप सहसा जगत नाही. पिक्नॅन्ड्रा ॲक्युमिनाटाची साल मात्र चिरली की निळा-हिरवा चीक येतो आणि तो सुकवला तर त्यात जवळजवळ चौथा हिस्सा निकेल निघतो. संशोधकांनी हे १९७६ साली जगापुढे मांडले. त्याच निकेलसाठी तिथले डोंगर आजही खोदले जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यात निकेल नाही. पण अकोले तालुक्यात घाटघर, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरचे कातळ पाहिले की मला ती बेटे आठवतात. साताऱ्याच्या कासला जांभा आहे, लोह आणि ॲल्युमिनियम साठलेला. अकोल्यात काळा बेसाल्ट. इथे धातूचे विष नाही, अडचण वेगळी आहे. खडकावर वीतभरही माती नाही. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते, मार्चपर्यंत तिची धूळ होते, आणि नत्र तर नावालाच. म्हणून सीतेची आसवे ही चिमुकली जांभळी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून नत्राची भूक भागवते. शेजारी पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, तेरडा आणि पुढे पिवळी सोनकी. ही झाडे काळ्या कसदार जमिनीत नेऊन लावली तर उंच गवतापुढे त्यांचे काही चालणार नाही.

सरकारी नोंदीत मात्र अशा उघड्या खडकाला पडीक म्हणतात, आणि पडीक दिसले की हात रोपांसाठी खड्डे घ्यायकडे वळतात. २०१९ साली राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. एवढे आकडे गाठायचे असले की मोकळी जागा शोधली जाणारच. कातळ फोडून, खालून माती आणून तिथे रोप लावले, तर ते बहुधा उन्हाळ्यात वाळते आणि आणलेली माती पहिल्या पावसात गेंदांच्या डबक्यात उतरते. मला हे तंबू ठोकणाऱ्या पर्यटकांपेक्षाही घातक वाटते, कारण त्यामागे हेतू चांगला असतो आणि कुणी अडवत नाही.

वन विभाग आणि ग्रामपंचायतींनी एवढे करावे: ज्या पठारावर जूनमध्ये खड्डे घ्यायचे ठरेल, तिथे आधीच्या सप्टेंबरात वनस्पतींची पाहणी करावी आणि यादी गावात लावावी. रोपांना खालच्या उतारांवर हवी तेवढी जागा आहे.