गुन्नारच्या लेकीचा पगार



फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. घरात टीव्हीवर मॅच लागली, की मी आपली गवार निवडायला घेते. पण आज तुम्हांला एका फुटबॉल खेळणाऱ्या बाईची हकीकत सांगायची आहे. तीत एक पगाराचा हिशेब आहे, आणि हिशेब म्हटला की आपण कान टवकारतोच. हो की नाही?

तिचं नाव सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर. उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण अर्थ अगदी सोपा आहे : गुन्नारची लेक. आइसलंडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतंच. वडिलांच्या, क्वचित आईच्या नावाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ जोडायचं, झालं. लग्नानंतरही ते बदलत नाही. बँकेपासून रेशनकार्डापर्यंत नाव बदलताना दमलेल्या आपल्यासारख्यांना हेवाच वाटावा!

देश चिमुकला, वस्ती चार लाखांच्याही आत. साराचा जन्म १९९० सालचा. २००७ साली, वयाच्या १६व्या वर्षी, ती देशाच्या संघातून खेळली. पुढे स्वीडनमध्ये माल्मोला पाच वर्षं, मग जर्मनीत वोल्फ्सबर्गला चार वर्षं. जर्मनीत चारही वर्षं लीग आणि कप दोन्ही तिच्या संघानेच जिंकले. २०२० मध्ये ती फ्रान्समधल्या ल्यों या नामांकित क्लबाकडे गेली. त्याच ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला, तो नेमका जुन्या वोल्फ्सबर्ग संघाशी. ल्यों ३-१ ने जिंकलं, आणि तिसरा गोल साराचा! २०१८ आणि २०२० अशी दोनदा ती आइसलंडची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

आणि २०२१ च्या वसंतात तिला दिवस गेले.

खेळाडू बाईला दिवस गेले की तिचं खेळणं संपलं, असंच पुष्कळजण धरून चालत. साराचा विचार तसा नव्हता. बाळंतपण झालं, की परत मैदानात यायचं, असं तिने ठरवलं होतं. क्लबाला सांगून ती बाळंतपणासाठी माहेरच्या देशी आली. आणि इथेच पगाराचं गाडं अडलं. खात्यात पाहावं, तर नेहमीच्या रकमेचा पत्ता नाही! पहिल्यांदा तिला वाटलं, काही चूक झाली असेल. पुढच्या महिन्यातही तेच. तेव्हा तिने विचारायला सुरुवात केली. फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे आमचं बरोबर आहे, असं क्लबाचं म्हणणं. तक्रार पुढे नेलीस तर इथे तुला भवितव्य नाही, असंही कानावर घालण्यात आलं, असं तिने पुढे लिहिलं.

सारा गप्प बसली नाही. खेळाडूंची ‘फिफप्रो’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या मदतीने ती फुटबॉलची जागतिक संस्था ‘फिफा’ हिच्या न्यायाधिकरणाकडे गेली. नशिबाने २०२१ च्या आरंभीच फिफाने नवे नियम लागू केले होते : खेळाडूला किमान १४ आठवडे प्रसूती रजा, त्या काळात निदान दोन तृतीयांश पगार, आणि गरोदर आहे म्हणून करार मोडायचा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला मुलगा झाला. मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा मैदानात होती. मे महिन्यात निकाल लागला : क्लबाने ८२ हजार युरोंहून अधिक रक्कम, वर ५ टक्के व्याज द्यावं. रजा सुरू होईपर्यंतचा पगार पुरा द्यायला हवा होता, खेळता येत नसेल तर तिला दुसरं काम देऊ करायला हवं होतं, असं न्यायाधिकरणाचं मत पडलं. नव्या नियमांखालचा हा असा पहिलाच निकाल.

त्या जुलैत, बाळ आठ महिन्यांचं असताना, तिने युरोपीय स्पर्धेत आइसलंडचं नेतृत्व केलं. मग ती इटलीत युव्हेंटसकडे गेली, आणि जानेवारी २०२३ मध्ये १४५ सामन्यांनंतर देशाच्या संघातून निवृत्त झाली. क्लबासाठी मात्र पुढेही खेळत राहिली.

वाचताना मला माझंच पहिलं बाळंतपण आठवलं. तेव्हा मी एका शाळेत अर्धवेळ शिकवत होते. पासबुक भरून आणलं, तर दोन महिन्यांची नोंदच नाही. विचारायचा संकोच वाटला. ‘आधीच रजा घेतली, त्यात पैसे कुठे मागायचे?’ असं मनाशी म्हटलं, आणि पासबुक कपाटात ठेवून दिलं. घरीसुद्धा बोलले नाही. आज वाईट वाटतं ते पैशांपेक्षा माझ्या गप्प बसण्याचं.

आपल्याकडे प्रसूती लाभाचा कायदा १९६१ सालीच झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ती कोणाला लागू, अटी कोणत्या, हे नोकरीत असलेल्या प्रत्येकीने वेळेवर विचारून घ्यावं. तोंडी नको. अर्ज लेखी करावा, नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपाव्यात, आणि महिन्याच्या महिन्याला पासबुक भरून घ्यावं. आणि एकटीने झुंजू नये. साराच्या मागेही संघटना होतीच की!

आमच्या स्टाफरूममध्ये एका तरुण बाईंना सातवा महिना लागलाय. परवा त्यांना मी मुद्दाम बाजूला घेऊन म्हटलं, “अर्ज दोन प्रतींत करा हं, आणि एकीवर पोच घ्या.” त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पोच घेतलेला कागद दाखवायला आल्या.

तुमच्या पगाराची अशी काही हकीकत असेल, तर जरूर कळवा.