किलोमीटर मोजले, टोक कोण तपासणार?

आमच्या वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांमध्ये माझ्या बाबांनी उमेदीची वर्षं संत्र्याच्या कलमा बांधण्यात घालवली. जंभेरीच्या खुंटाची साल चिरायची, आत संत्र्याचा डोळा सरकवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. काम मिनिटाभराचं, पण त्याआधी हात धुतलेले हवेत, चाकू पुसलेला हवा आणि काडीवर डोळ्याची वरची बाजू कोणती होती ते ध्यानात हवं. "डोया उलटा बसला त कलम गेली समज," असं ते मला लहानपणापासून सांगत. पुढं मी आयटीआय करून नवी मुंबईला गेलो आणि अकरा वर्षं डेटा सेंटरमध्ये फायबरची टोकं जोडली. तिथं मला पहिल्याच आठवड्यात बाबांचं वाक्य आठवलं, आणि आज वरूडला परत येऊन तीन वर्षं झाली तरी ते डोक्यातून जात नाही.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती आहेत. बँकेचे व्यवहार, मोबाइलवरचे व्हिडिओ, कंपन्यांचे हिशेब तिथल्या यंत्रांतून धावतात. एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारी माहिती इतकी असते की एकेक काचतंतू वेगळा जोडत बसलं तर रॅकमध्ये हात घालायला जागा उरणार नाही. म्हणून बारा तंतू एकाच कनेक्टरमध्ये बसवतात. त्याला एमपीओ म्हणतात. त्याच्या आतला ठोकळा जपानच्या एनटीटी कंपनीनं १९८०च्या दशकात घडवला. त्याचं तोंड सुमारे ६.४ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच, म्हणजे तुरीच्या दाण्याहून जरासं मोठं. त्यात बारा तंतू एका ओळीत, दोन तंतूंच्या मध्यांत पाव मिलिमीटर अंतर. प्रत्येकाचा रंग ठरलेला: पहिला निळा, दुसरा नारिंगी, तिसरा हिरवा, चौथा तपकिरी, असं बाराव्या फिकट निळसर हिरव्यापर्यंत. मी वरूडचा, म्हणून दुसरा पहिल्या दिवशीच पाठ झाला.

आता खरी गोम. शंभर गिगाबिटची जी जोडणी आम्ही सर्वाधिक करायचो, तिच्यात बारापैकी पहिले चार तंतू प्रकाश पाठवतात, शेवटचे चार घेतात आणि मधले चार रिकामे असतात. एका यंत्राचे पाठवणारे तंतू दुसऱ्या यंत्राच्या घेणाऱ्यांवरच पोचले पाहिजेत. हे ज्या व्यवस्थेनं जमतं तिला पोलॅरिटी म्हणतात. घरी करून पाहायचं असेल तर वेणीची एक रिबन घ्या आणि तिच्या एका काठाला शाईची रेघ ओढा. रिबन टेबलावर सपाट ठेवून दोन माणसं समोरासमोर बसली, तर ती रेघ एकाच्या डाव्या हाताला आणि दुसऱ्याच्या उजव्या हाताला येते. डाव्यानं पाठवलं, उजव्यानं घेतलं, जोडणी जमली. आता रिबनीला अर्धा पीळ द्या. रेघ दोघांच्याही डाव्या हाताला येईल. दोघंही पाठवतात, घेणारा कोणीच नाही.

सपाट रिबनीसारख्या केबलला टाइप बी म्हणतात, पीळ दिलेल्या केबलला टाइप ए. कनेक्टरच्या पाठीवर एक छोटा उंचवटा असतो, त्याला आम्ही 'की' म्हणतो. टाइप बीमध्ये दोन्ही टोकांना की वर, टाइप एमध्ये एका टोकाला वर आणि दुसऱ्याला खाली. टाइप सी म्हणून तिसराही प्रकार आहे, त्यात शेजारशेजारच्या दोन-दोन तंतूंची अदलाबदल असते. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती मिसळ झाल्यावर. आणि ती दिसत नाही, कारण वरून केबल गोल असते. हातात धरून आतला पीळ कळत नाही. बाहेर छापलेलं अक्षर वाचावं लागतं, किंवा लाल लाइटचं पेन लावून पलीकडे कोणत्या भोकातून उजेड येतो ते पाहावं लागतं.

२०१८ साली एका ठिकाणी, नाव सांगत नाही, रात्री बारा ते पहाटे चार एवढ्या वेळात नवीन जोडण्या सुरू करायच्या होत्या. सगळ्या लागल्या, एक लागेना. साहेबांनी मॉड्यूल, म्हणजे यंत्रात बसणारा प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग, बदलायला सांगितलं. बदललं. दुसऱ्या टोकाचं बदललं. त्यात जाणारी छोटी केबल, पॅचकॉर्ड, बदलली. एकेका मॉड्यूलची किंमत आमच्या महिन्याच्या पगाराहून जास्त, आणि आम्ही ती खोक्यातून काढत होतो, परत ठेवत होतो. साडेतीनला मी पेन लावलं. पहिल्या तंतूत सोडलेला उजेड पलीकडे पहिल्याच जागी निघाला. आमच्या रचनेत तो बाराव्या जागी यायला हवा होता. सगळ्या टाइप बी केबलींत एक टाइप ए आली होती. आदल्या महिन्यात तुटलेली केबल कोणी तरी गोदामात हाती लागली त्या केबलनं बदलली होती आणि वहीत काहीही लिहिलं नव्हतं. केबल उत्तम होती. मॉड्यूल उत्तम होती. फक्त एका ओळीची नोंद नव्हती, म्हणून सहा माणसांची रात्र गेली.

पिनांचंही असंच. एमपीओच्या एका बाजूला दोन बारीक पिना, समोरच्या बाजूला दोन भोकं. मॉड्यूलमध्ये पिना असतात, म्हणून त्यात जाणारी पॅचकॉर्ड बिनपिनेची हवी. दोन्हीकडे पिना असल्या आणि कोणी जोर केला की लाखाचा माल जातो. दोन्हीकडे नसल्या तर टोक बसतं, खट्ट आवाजही येतो, पण तंतूसमोर तंतू येत नाही.

आणि धूळ. शंभर गिगाबिटच्या त्या जोडणीत शंभर मीटर ओएम४ जातीच्या केबलीवर प्रकाशाची एकूण घट १.९ डेसिबल इतकीच चालते. म्हणजे निघालेल्या प्रकाशापैकी साधारण पस्तीस टक्के वाटेत गेला तर चालेल, त्याहून जास्त नाही. जुन्या दहा गिगाबिटच्या जोडणीला २.६ डेसिबलची मोकळीक होती. वेग वाढला तशी माफी कमी झाली. एमपीओच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला तर तो एकाच तंतूला आडवा येत नाही. दोन्ही तोंडं एकमेकांना नीट टेकूच देत नाही, बाराही तंतू थोडे थोडे दूर राहतात. म्हणून नियम एकच: आधी मायक्रोस्कोपखाली बघायचं, मग पुसायचं, परत बघायचं, मग जोडायचं. नवीन पाकिटातून काढलेल्या केबलीलाही.

वाचणारा म्हणेल, हे सगळं नवी मुंबईचं, आमच्या वरूडचं काय? आपल्या ग्रामपंचायतींत एमपीओ नाही, तिथं एकेका तंतूचे साधे कनेक्टर आहेत. पण काच तीच आहे. उलट गावाकडं येणाऱ्या सिंगल मोड फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा फक्त नऊ मायक्रॉनचा असतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा दाराच्या फटीतून आत येतो. इथंही जोडायची रीत आहे: हिरव्या कनेक्टरचं तोंड आठ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरव्याला हिरवाच, निळ्याला निळाच. मी तालुक्यात हिरव्यात निळा दाबून बसवलेला पाहिलाय, एकदा नाही, चारदा.

गेल्या वर्षी संत्र्याच्या फळपीक विम्याचा शेवटचा दिवस होता. एका सेवा केंद्रासमोर चाळीसेक शेतकरी कागदं घेऊन उभे आणि आत "सर्व्हर डाऊन" ही पाटी. मी दुसऱ्याच कामानं तिथं गेलो होतो. फायबरची पेटी उघडली, टोक काढलं, मायक्रोस्कोपखाली धरलं; तोंडावर बोटाचा तेलकट ठसा आणि माती. सुकं पुसलं, परत लावलं, दहा मिनिटांत काम सुरू झालं. रांगेतले एक काका म्हणाले, "बाप्पा, एवढंसंच होतं त सकाळपासून काहून नाही केलं?" ज्या पोराला त्यांनी विचारलं त्याला टोक पुसायचं असतं हे कोणी शिकवलंच नव्हतं. त्याचा दोष नाही.

गावोगाव फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ साली मंजूर केली, २०१५ साली तिचं नाव भारतनेट झालं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. त्यात देखभालीचाही विचार आहे, हे चांगलं आहे. काचतंतू तर आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला तयार होतो. पैसा आहे, माल आहे. मी पाहिलेल्या कामांत तरी हिशेब मात्र किलोमीटरचा होता: किती खणलं, किती ओढलं. जोडणाऱ्या पोराला जॉइंटमागे भाव. दिवसात जास्त जॉइंट, जास्त पैसे. टोक पुसायला, तपासायला, लिहून ठेवायला त्या भावात एक रुपयाही नाही. मग तो का पुसेल? रोपवाटिकेतही नुसत्या बांधलेल्या कलमांचे पैसे दिले असते तर बाबांनाही घाई करावी लागली असती. तिथं फुटलेल्या कलमा मोजत.

माझं मागणं एवढंच आहे. काम स्वीकारताना प्रत्येक तंतूची घट मोजलेला कागद आणि प्रत्येक टोकाचा मायक्रोस्कोपमधला फोटो घेतल्याशिवाय बिल काढू नये. कोणता तंतू कुठून कुठं जातो याचा तक्ता पेटीच्या दाराला आतून चिकटवावा, मराठीत, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. बदल केला की त्या तक्त्यावर तारीख आणि सही. जोडणाऱ्याला जॉइंटचे नाही, तपासून पास झालेल्या टोकाचे पैसे द्यावेत, आणि ते जास्त द्यावेत.

आणि तालुक्यातल्या मुलांना हे इथंच शिकवावं. पाणी खोल गेलं, बागा वाळल्या, म्हणून वरूड-मोर्शीची पोरं पुण्या-मुंबईकडं मिळेल त्या कामाला जातात. कलमा बांधणाऱ्या घरातल्या पोराचा हात आधीच बसलेला असतो. त्याला बारीक काम, स्वच्छ हात आणि दिशा हे नव्यानं सांगावं लागत नाही. त्याला लागतो मायक्रोस्कोप, लाल लाइटचं पेन, प्रकाश मोजायचं मीटर आणि शिकवणारा माणूस.

माझ्याकडं दोन जुन्या बारा तंतूंच्या केबली आहेत, एक टाइप ए आणि एक टाइप बी. एक मायक्रोस्कोप आहे, पेन आहे, पुसायचं सामान आहे. तालुक्यातल्या कोणत्याही आयटीआयनं किंवा शाळेनं बोलवावं. शनिवारी मी मोकळा असतो, पैसे घेणार नाही.