उसनी कूस

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आमच्या नात्यातील एक तरुण, गुजरीतील वडिलोपार्जित पेढी सांभाळणारा, मित्रांसमवेत तेथे जाऊन आला. परतल्यावर त्याच्या डोळ्यांत कानांची टोके आत वळलेले मारवाडी घोडे होते आणि हातात भागीदारीचा एक प्रस्ताव. मित्रांनी उत्तम वंशाची एक घोडी पाहून ठेवली होती. तिच्यापासून वर्षाला एक नव्हे, तीन-चार शिंगरे मिळवायची, आणि तीही तिला एकदाही गाभण न ठेवता, दुसऱ्या घोड्यांच्या पोटी वाढवून, असा बेत होता.

घरात अर्थातच विरोध झाला. तेव्हा तो मला म्हणाला, "काका, यात कोणाला मारायचे नाही, कापायचे नाही. उलट जनावरे वाढणार. मग हे आपल्या धर्मात बसत नाही, असे सगळे का म्हणतात?"

प्रश्न प्रामाणिक होता. "बसत नाही म्हणजे बसत नाही" असे म्हणून त्याला गप्प करणे सोपे होते. पण पटल्यावाचून गप्प बसलेला तरुण धर्मापासून दूर जातो, हे आपण अनेक घरांत पाहिले आहे. म्हणून आधी हा विषय समजून घ्यावा असे ठरवले. जे उमगले ते येथे मांडतो.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि एका वेतात सहसा एकच शिंगरू देते. गाईला संप्रेरके देऊन एका वेळी अनेक स्त्रीबीजे पक्व करता येतात. घोडीत ते फारसे साधत नाही. म्हणून भ्रूण प्रत्यारोपणाची वाट निघाली. घोडी माजावर आली की तिचे कृत्रिम रेतन करतात. सात-आठ दिवसांनी तिच्या गर्भाशयात निर्जंतुक द्रावण सोडून ते परत बाहेर घेतात आणि बारीक गाळणीतून गाळतात. गाळणीत भ्रूण सापडला, तर तो त्याच सुमारास माजावर येऊन गेलेल्या दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात ठेवतात. हिला वाहक घोडी म्हणू. मूळ घोडी काही दिवसांत पुन्हा माजावर येते. प्रत्येक वेळी भ्रूण मिळतोच असे नाही, आणि मिळालेला प्रत्येक भ्रूण रुजतोच असेही नाही.

आपल्या देशात हे काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने केले आहे. या केंद्राच्या बिकानेर येथील शाखेत 19 मे 2022 रोजी प्रत्यारोपित भ्रूणातून मारवाडी जातीचे एक मादी शिंगरू जन्मले. साडेसात दिवसांचा भ्रूण एका घोडीकडून घेऊन दुसरीच्या कुशीत ठेवला होता. जन्मतः 23 किलो भरलेल्या या शिंगराचे नाव 'राज-प्रथमा' असे ठेवले गेले.

हे वाचून माझे मन प्रथम प्रसन्नच झाले, हे मान्य केले पाहिजे. कारण घोड्यांची आजची स्थिती चिंतेची आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे 3.4 लाख उरली होती. 2012 च्या तुलनेत ही घट 45 टक्क्यांहून अधिक आहे. गाढवे तर 60 टक्क्यांहून अधिक घटली. पावसाळा सरला की कोल्हापूर-सांगलीच्या रानांत मेंढपाळांचे वाडे उतरतात. त्यांच्या बुटक्या, काटक घोड्यांच्या पाठीवर सारा संसार लादलेला असतो. असाच एके काळी मराठ्यांच्या घोडदळात दौडलेला भीमा खोऱ्यातील भीमथडी घोडा. त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद अगदी अलीकडे झाली. असा एखादा वंश संपत आला असेल, तर थोड्या उरलेल्या घोड्यांचे वंशज वाढवण्यासाठी हे शास्त्र उपयोगी पडू शकते. तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. त्या प्राण्याचा वंश राखण्याचे काम कोणी करीत असेल, तर आपण त्याला नावे ठेवू नयेत.

परंतु भागीदारीचा बेत वंश राखण्याचा नव्हता. आणि हा मार्ग पुढे कोठे जातो, तेही पाहिले पाहिजे.

घोड्याचे शुक्राणू आणि स्त्रीबीज काचपात्रात एकत्र ठेवून गर्भधारणा घडवणे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ जमत नव्हते. म्हणून बारीक सुईने एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी जिवंत घोडीला गुंगी देऊन, योनिमार्गातून लांब सुई बीजकोशापर्यंत नेऊन, बीजे शोषून घ्यावी लागतात. प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर वर्षानुवर्षे ठेवता येतो. या शास्त्राच्या आरंभीच्या पुष्कळशा प्रयोगांत कत्तलखान्यातून आणलेले बीजकोश वापरले गेले, हेही आपल्याला ठाऊक असावे.

त्यापुढची पायरी क्लोनची, म्हणजे एकाच जनावराची हुबेहूब प्रतिकृती घडवण्याची. 2003 साली इटलीत 'प्रोमेतिया' ही जगातील पहिली क्लोन घोडी जन्मली. त्यासाठी 841 भ्रूण घडवले गेले. त्यांतील 22 पुढे वाढले, 17 भ्रूण नऊ घोड्यांत ठेवले, चार गाभण राहिल्या आणि एक शिंगरू जन्मले. त्याच वर्षी अमेरिकेत आयडाहो येथे 'आयडाहो जेम' हे पहिले क्लोन खेचर जन्मले. त्या प्रयोगात 307 भ्रूण घोड्यांच्या पोटी ठेवले होते. 21 वेळा गर्भ राहिला आणि तीन खेचरे जन्मली. 2016 मध्ये अर्जेंटिनाचा प्रसिद्ध पोलोपटू अदोल्फो काम्बियासो तेथील सर्वोच्च स्पर्धेत एकाच घोडीच्या सहा प्रतिकृतींवर बसून खेळला. पोलोच्या जगात भ्रूण प्रत्यारोपण इतके रुळले त्याचे कारण सरळ आहे: खेळणारी घोडी अकरा महिने अडकून पडत नाही.

आपण व्यापारी माणसे. जमेची बाजू पाहताना खर्चाची पाहतोच. येथे जमेला एक शिंगरू आहे आणि खर्चाला शेकडो भ्रूण. त्या प्रत्येकात जीव होता काय, याचा निवाडा माझ्यासारख्याने करू नये. तो आचार्यांचा आणि पंडितांचा अधिकार आहे. मात्र तत्त्वार्थसूत्रात जन्माचे सम्मूर्च्छन, गर्भ आणि उपपाद असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि घोडा, गाढव हे गर्भजन्मातील जरायुज प्राणी मानले जातात, एवढे आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो आहोत. ज्या घरात पाण्यातील न दिसणाऱ्या जिवांसाठी पाणी गाळून घेतात, त्या घराला "दिसत नाही म्हणजे नाही" असे म्हणता येणार नाही. जेथे शंका असते, तेथे श्रावक हात आखडता घेतो.

खेचराविषयी वाचताना मात्र मी थबकलो. घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62. त्यांच्या संकरातून जन्मणाऱ्या खेचराची 63. ही विषम जोडी जुळत नाही, म्हणून खेचर बहुधा वांझ असते. पण खेचरीचे गर्भाशय सुदृढ असते. 1980 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांनी खेचरींच्या पोटी घोड्याचे आणि गाढवाचे भ्रूण ठेवले, आणि जिला स्वतःचे अपत्य कधीच होणार नाही, त्या खेचरीने परक्याचे शिंगरू पूर्ण दिवस वाढवून जन्माला घातले, त्याला आपले दूध पाजले. ज्या जनावराला माणसाने केवळ ओझे वाहण्यासाठी निर्माण केले, त्याच्या ठायीही आईपण असते.

येथे श्वेतांबर वाचकांना भगवान महावीरांच्या गर्भापहाराची कथा आठवली असेल. हरिणैगमेषी देवाने 82 रात्रींनंतर देवानंदा ब्राह्मणीच्या कुशीतून गर्भ त्रिशला क्षत्रियाणीच्या कुशीत नेला, असे कल्पसूत्रात येते. दिगंबर परंपरा ही घटना मानत नाही, आणि त्या मतभेदात शिरण्याचे येथे कारण नाही. या कथेवरून "हे शास्त्र आपल्याकडे पूर्वीपासून होते" असा दावा काही उत्साही मंडळी करतात, तोही मला उचित वाटत नाही. त्या कथेचे मोल निराळे आहे. पुढे कित्येक वर्षांनी देवानंदा भगवंतांच्या दर्शनाला आली, तेव्हा त्यांना पाहताच तिला पान्हा फुटला, असे भगवतीसूत्र सांगते. गौतम गणधरांनी कारण विचारले, तेव्हा ही माझी माता आहे, असे भगवंतांनी सांगितले. त्रिशलामातेचे मातृत्व त्याने उणे झाले नाही. कूस दिलेल्या कोणत्याही मातेला हिशेबातून वगळायचे नाही, एवढे तरी या कथेतून कोणत्याही परंपरेच्या श्रावकाने घ्यावे.

भागीदारीच्या प्रस्तावात नेमकी हीच नोंद नव्हती. मोलाच्या घोडीची किंमत होती, शिंगरांचा अपेक्षित भाव होता, वैद्यकाचा खर्च होता. वाहक घोड्यांसमोर फक्त खरेदीची रक्कम होती. दोघींचे माजाचे दिवस जुळावेत म्हणून एका मोलाच्या घोडीमागे दोन-तीन तरी वाहक घोड्या राखाव्या लागतात. त्या सहसा स्वस्तातल्या, कोणीतरी विकायला काढलेल्या. चार-सहा वेतांनंतर त्या थकल्या, तर पुढे काय, याविषयी कागदावर एक ओळही नव्हती. घोड्याचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या घरात जाते. भाकड गाय पांजरपोळीत नेऊन सोडणारे आपल्या माहितीचे आहेत. भाकड घोडीला त्या दारातही सहजासहजी जागा मिळत नाही.

आपल्या आचारग्रंथांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. श्वेतांबर परंपरेतील पंधरा कर्मादानांत 'केशवाणिज्य', म्हणजे केसाळ जिवंत प्राण्यांचा व्यापार, आणि 'निर्लांछन', म्हणजे जनावरांना खच्ची करणे, डागणे, टोचणे, हे दोन्ही वर्ज्य धंदे आहेत. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही अशाच पंधरा खरकर्मांचा निषेध आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तर उभय परंपरांना मान्य आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील 'वध' म्हणजेही जिवे मारणे नव्हे, तर मारहाण करणे. हे पाचही जगत्या जनावरासंबंधी आहेत. "कोणाला मारायचे नाही" एवढ्याने अणुव्रत पाळले जात नाही. अतिभार केवळ पाठीवरच लादला जातो असे थोडेच आहे? दरवर्षी विसावा न देता लादलेला गर्भ हाही भारच आहे.

मी त्या तरुणाला होय किंवा नाही असे काही सांगितले नाही. मित्रांना विचारायला चार प्रश्न दिले. हे शिंगरू वंश टिकावा म्हणून हवे आहे की बाजार भरावा म्हणून? सुया, औषधे आणि विसावा यांबाबत वाहक घोडीला मोलाच्या घोडीइतकेच जपले जाणार का? न वापरलेल्या भ्रूणांचे आणि ज्यांना भाव येणार नाही अशा नर शिंगरांचे काय करणार? आणि प्रत्येक घोडीच्या म्हातारपणाचा चारा कोण भरणार? शेवटचा प्रश्न भागीदारीच्या करारात लिहून घ्यावा, तोंडी वचनावर ठेवू नये, असेही सुचवले.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. पहिल्या प्रश्नावर मित्र हसले होते. तिसऱ्यावर, भ्रूण विकताही येतात, असे उत्तर मिळाले होते. चौथ्या प्रश्नासाठी त्याने स्वतः बसून आकडेमोड केली होती: घोडीमागे महिन्याचा चारा, खुराक, नालबंदी, वैद्य, राखणदार, आणि ते सारे किती वर्षे. तो कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. त्या रकमेत नफ्याचा मोठा हिस्सा विरघळत होता.

"काका, हे कलम घातले तर ते मला भागीदार घेणार नाहीत," तो म्हणाला.

"आणि न घातले तर?"

तो काही बोलला नाही. भागीदारी झाली नाही. मात्र त्या पैशातून काही भाग काढून एका जवळच्या पांजरपोळीत टाकून दिलेल्या घोड्यांसाठी दोन गाळे बांधता येतील का, याची चौकशी त्याने चालवली आहे. तेथील व्यवस्थापकांचे म्हणणे, गाळे बांधणे सोपे आहे. दररोजचा चारा अवघड. तो हिशेब आता आम्ही दोघे मिळून करीत आहोत. ज्या वाचकांना अशा संस्थांचा अनुभव आहे, त्यांनी आपल्या सूचना या मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवाव्यात.

जय जिनेंद्र.