काठावरच्या बायकांना विचारलं का?

मैत्रिणींनो, तुमच्या गावात एखादं तळं आहे का? नदीचा घाट, कालवा, नाही तर धरणातून गावाला पाणी आणणारी जाडजूड पाइपलाइन? यातलं काहीतरी असणारच. आणि ते असेल, तर आज ना उद्या तिथं 'सुशोभीकरण' येणार. रंगीत फरशी, शोभेचे दिवे, बंद पडलेलं कारंजं आणि फोटो काढायला गावाच्या नावाची मोठ्ठी अक्षरं. या यादीत हल्ली आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, ती म्हणजे सायकल ट्रॅक.

मी मुलुंडची. मुंबईच्या उपनगरांत गेल्या काही वर्षांत पाण्याकाठच्या सायकल ट्रॅकचे जे प्रयोग झाले, ते आम्ही जवळून पाहिले. मुंबईत झालं ते दोन-चार वर्षांनी आपल्या नगरपालिकेच्या ठरावात येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आजचा विषय हा.

तुम्ही म्हणाल, सायकल ट्रॅक हा काय बायकांच्या पुरवणीचा विषय झाला? तो टाइट कपडे घालून, हेल्मेट लावून पहाटे निघणाऱ्या पुरुषांचा विषय. मला नेमकं तेच खटकतं. सायकलची गरज खरं तर आपल्याला जास्त आहे. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या शाळा लांब असते म्हणून. तुमच्यापैकी कितीजणींच्या लेकी, भाच्या त्या सायकलवर शिकल्या असतील! पण बारावी झाली की ती सायकल कुठं जाते, सांगा बरं? धाकट्या भावाकडे, नाही तर माळ्यावर. मुलीला सायकल नको असते असं नाही. घरच्यांना रस्त्याची भीती वाटते. शेजारून ट्रक जातो, मागून मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत येतो, आणि संध्याकाळी सातनंतर तर विचारायलाच नको. म्हणजे मोटारी नसलेला, उजेडाचा, सरळ लांबपर्यंत जाणारा एक रस्ता मिळाला, तर तो आधी बायकांनाच लागणार आहे.

हे काही मी मनानं रचून सांगत नाही. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तेव्हा जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी बायकांना अक्षरं शिकवतानाच सायकल चालवायलाही शिकवायचं ठरवलं. हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई. पाणी आणणं, मुलाला मागं बसवून दवाखान्यात नेणं, माल बाजारात पोचवणं, सगळं सायकलवर. ट्रॅक-बिक काही नव्हता तिथं. पण 'हे बायकांसाठी आहे' हे आधी ठरलं होतं आणि मग बाकीचं झालं.

आता मुंबईचं ऐका. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२ सालचं. तिथून मुंबईला पाणी आणणाऱ्या भल्यामोठ्या जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ल्यावरून पुढं जातात. आमच्याकडच्या लहान मुलांना विचारलंत तर 'पाइपलाइन' हा पत्ताच आहे. या जलवाहिन्यांना खेटून, कुठं कुठं तर त्यांच्यावरच, हजारो झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेसाठी जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश २००९ मध्ये उच्च न्यायालयानं दिला. पुढच्या काही वर्षांत महापालिकेनं झोपड्या हटवल्या. मोकळी झालेली जागा पुन्हा भरू नये म्हणून तिथं सायकल चालवायला आणि पायी फिरायला ३९ किलोमीटरचा मार्ग करायचं ठरलं. मुलुंडपासून थेट धारावीपर्यंत. नाव किती सुरेख ठेवलं, 'हरित वारी जलतिरी'.

कल्पना चांगलीच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नळाचं पाणी सगळ्यांच्या पोटात जाणार, तेव्हा जलवाहिनी सुरक्षित हवी. रेल्वे स्टेशनांच्या जवळून जाणारी, सिग्नल नसलेली वाट मिळाली तर कामाला जाणाऱ्या बाईचे रिक्षाचे पैसे वाचतील. पण वारी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दिंडीत चालणाऱ्यांचं पाणी, जेवण, मुक्काम वाटेवरची गावं बघतात. वारीची वाट काढायला कुणाला घरातून उठवत नाहीत.

जलवाहिनीवरून उठवलेल्या हजारो कुटुंबांना घरं मिळाली ती चेंबूरजवळच्या माहुल गावात. आजूबाजूला तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच सांगितलं होतं. तरी माणसं पाठवली जात राहिली. घर पक्कं, पण खोकला जात नाही, मुलांच्या अंगावर पुरळ उठतं, शाळा तुटली, दवाखाना लांब. आणि बायकांचं काय झालं? मुलुंड-घाटकोपरला चार घरची धुणीभांडी, स्वयंपाक करणारी बाई पाच मिनिटांत चालत कामावर पोचत होती. माहुलहून तिला दोन-दोन वाहनं बदलून यायचं होतं. पहाटेचं पाणी भरून, मुलांचा डबा करून. पगाराचा मोठा भाग भाड्यात. कितीतरी जणींची कामं सुटली. २०१८ च्या ऑक्टोबरपासून माहुलचे रहिवासी विद्याविहारला रस्त्याकडेला ठाण मांडून बसले, त्यांत बायका पुढं होत्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, माणसांना माहुलला राहायची सक्ती करू नका. दुसरीकडं घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या.

कुणी म्हणेल, झोपड्या पाडायचा आदेश पाण्यासाठी होता, सायकलसाठी नव्हता. बरोबर आहे. पण त्या ३९ किलोमीटरवर रोज जाणं-येणं कुणाचं होतं, सायकलची वाट खरंच कुणाच्या उपयोगाची होती, हे कागदावर रेघ मारताना कुणी विचारलं असतं, तर उत्तर त्या रेघेवरच राहत होतं.

दुसरी गोष्ट पवईची. अंधेरी आणि मुलुंडच्या मधला हा तलाव, इंग्रजांच्या काळात बांधलेला. त्याचं पाणी प्यायला चालत नाही, पण मगरी आहेत, पक्षी आहेत. २०२१ मध्ये तलावाभोवती सुमारे दहा किलोमीटरच्या सायकल ट्रॅकचं काम सुरू झालं. काँक्रीट घालत नाही, जाळीत दगड भरून पाणी झिरपेल असा बांध करतो, असं महापालिकेचं म्हणणं होतं. ऐकायला छान वाटतं. शेजारीच आयआयटी. तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांनी आणि वनशक्ती या संस्थेनं उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांप्रमाणे अशा तलावाच्या काठी ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही, मग तलावात भराव टाकून ट्रॅक कसा? ६ मे २०२२ रोजी न्यायालयानं हे काम बेकायदा ठरवलं. झालेलं बांधकाम काढा आणि जागा होती तशी करून द्या, असा आदेश दिला.

मला या निकालातून जाणवलं ते असं, की सायकल म्हटलं की आपण सगळे जरा भाबडे होतो. धूर नाही, आवाज नाही, तब्येतीला चांगली, मग विरोध कोण करणार? आणि म्हणूनच विचारायचं राहून जातं. त्या विद्यार्थ्यांना आधी बोलावून नकाशा दाखवला असता, तर बांधायचा खर्च वाचला असता आणि काढायचाही. कदाचित तलावापासून लांब, आधीच असलेल्या रस्त्याच्या कडेनं वाट निघालीही असती. वांद्रे-कुर्ला संकुलातला ट्रॅकही आठवतो. २०११ च्या सुमारास मोठ्या कौतुकानं केला, त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. शेवटी २०२५ मध्ये ट्रॅक काढून रस्ता रुंद करायचा निर्णय झाला.

सगळं असंच होतं, असंही नाही हं. जुहू-अंधेरी भागात इर्ला नाला आहे. नाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे आलं तेच तो होता, पाठ फिरवून घरं बांधावीत असा. वास्तुरचनाकार पी. के. दास आणि तिथल्या रहिवाशांच्या संघटनांनी मिळून त्याच्या काठानं चालायची आणि सायकलची वाट, झाडं, बसायला जागा असा आराखडा केला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेचे खासदार होते, त्यांच्या निधीतून पैसे मिळाले. काम टप्प्याटप्प्यानं, कूर्मगतीनं झालं. पण लोकांनी आधी आखलं आणि सरकारी निधी मागून आला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जुहूच्या लोकांकडे वेळ, ओळखी, वजन सगळं होतं, हेही मान्य करायला हवं. माहुलला गेलेल्या बायकांकडे त्यातलं काही नव्हतं.

वजन नसलेल्या बायकाही काय करू शकतात याचं उदाहरण सातासमुद्रापलीकडचं आहे. आज सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सचं नाव घेतात. तिथंही मोटारींनी रस्ते गिळले होते. १९७१ मध्ये तिथं रस्ते-अपघातांत तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. मग आयाबाया रस्त्यावर उतरल्या. 'बालहत्या थांबवा' असंच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. रस्ते अडवून तिथं मुलांना खेळायला सोडलं. सायकलींच्या वेगळ्या वाटा मिळाल्या त्या अशा रेट्यामुळे.

तुम्हाला रस्ते अडवायला मी सांगत नाही. पण आपल्याकडे नगरपालिकांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपल्या वॉर्डाची ताई निवडून आली असेल, तर हळदीकुंकवाला बोलावतोच ना तिला? बचत गटाच्या बैठकीलाही बोलवा आणि तळ्याचा नकाशा घेऊन यायला सांगा. नकाशा मिळत नाही म्हणाली, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो. मग बघा, तळ्यावर धुणं धुणाऱ्या, म्हशी नेणाऱ्या, मासे विकणाऱ्या बायकांची जागा त्या नकाशात कुठं आहे. काठ पाणथळ जागेच्या संरक्षणात येतो का, ते तहसील कार्यालयात विचारा. ट्रॅक शाळेला, बाजाराला, एसटी स्टँडला जोडलाय की नुसता तळ्याला गोल गोल फिरवलाय? गोल फिरणारा ट्रॅक फिरायला येणाऱ्यांचा असतो, कामाला जाणारीला तो कुठंच पोचवत नाही. वाटेत बायकांचं स्वच्छतागृह आहे का आणि त्याची किल्ली कुणाकडे? दिवे कितीला लागतात, कितीला विझतात? ट्रॅकवर मोटरसायकल घुसली तर फोन कुणाला करायचा? साडी नेसलेल्या बाईला, मागं पोर घेऊन, चढता येईल असा उतार आहे का, की उंच पायरी? आणि काठावरचं एखादं घर हलणार असेल, तर ते कुठं हलणार, हे फरशीचा रंग ठरवायच्या आधी विचारा. जमलं तर त्या घरातल्या बाईला बरोबर घेऊनच जा.

यातल्या एखाद्या तळ्यावर, घाटावर तुमच्या गावात काम सुरू झालं असेल, तर आम्हाला जरूर लिहा. ट्रॅक किती लांबीचा आहे ते नाही कळवलंत तरी चालेल. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला त्यावर किती बायका दिसतात, ते मोजून कळवा.